चाळीस नासके गेम

माझ्या भावाने बत्तीस वर्षांपूर्वी माझा एक गेम पुसला आणि मी त्याला अजून माफ केलेलं नाही. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी हे सांगते तेव्हा ते हसतात. त्यांना वाटतं, मॅडम गंमत करतायत. गंमत कसली? मी डूख धरणारी बाई आहे आणि त्याची मला तसूभरही लाज वाटत नाही.

दुकान म्हणजे एका जुन्या बाजाराच्या तळघरातला गाळा. एका बाजूला किल्ल्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला शिंपी, मधे मी. टेबलावर दिवा, बारीक पेचकस, सोल्डरिंगची सळी आणि मागच्या भिंतीवर जुन्या कॅसेटींच्या रांगा. जुने व्हिडिओ गेम मी दुरुस्त करते, पण पोट भरतं ते दुसऱ्याच कामावर. हल्ली खिशात मावणारी गेमची यंत्रं मिळतात. तळहाताएवढं यंत्र, वर पडदा, खाली बटणं, आत एक कार्ड, आणि त्या कार्डात कारखान्यातूनच दहा हजार जुने गेम कोंबलेले. लोक हौसेने आणतात, दोन दिवस ती यादी वरखाली करतात आणि मग यंत्र ड्रॉवरमध्ये जातं. दहा हजारांत खेळायचं काय? एकच गेम सात वेळा, त्यातले तीन चालत नाहीत, दोन वाचता येत नाहीत. मग माणूस माझ्याकडे येतो. मी ते कार्ड साफ रिकामं करते, समोरच्याला त्याचं लहानपण विचारते आणि निवडक गेम भरून देते. शंभर, फार तर दीडशे.

विचारायला लागतं, कारण चांगला गेम आणि त्या माणसाचा गेम या दोन गोष्टी वेगळ्या असतात. काही प्रती मुळातच संथ चालायच्या. तीच संथ प्रत खेळून मोठ्या झालेल्या माणसाला मी बरोबर वेगाची दिली, तर तो पहिल्याच खड्ड्यात पडतो आणि म्हणतो, मॅडम, माझे हात म्हातारे झाले. हात ठीक असतात. त्याला त्याची संथ प्रत शोधून द्यावी लागते.

आणि माझा एक नियम आहे. स्वतः शेवटपर्यंत खेळल्याशिवाय कुठलाही गेम कुणाच्या कार्डात घालायचा नाही. कारण जुने गेम नासतात. कॅसेटीवरून उतरवून घेताना कुणीतरी कधीतरी चूक केलेली असते आणि ती लगेच दिसत नाही. पहिला टप्पा झकास, दहावा झकास, विसाव्याला दार उघडायला जावं तर पडदा गोठतो. काही प्रती 'सेव्ह झालं' असं बेधडक सांगतात आणि करत काहीच नाहीत. काहींचं भाषांतर अर्ध्यावर संपतं, पुढे नुसते चौकोन. अशी प्रत सापडली की मी ती फेकत नाही. फेकली तर चार महिन्यांनी तीच पुन्हा हाती लागते आणि पुन्हा वीस तास मातीत. म्हणून ती वेगळी ठेवते, सोबत टिपण: कुठे अडतो, कसा अडतो, कितव्या तासाला. त्या ठेव्याचं नाव मी 'नासके' ठेवलंय. बारा वर्षांत त्यात सहाशेच्या वर गेम जमले.

आता तो पुसलेला गेम.

मी तेरा वर्षांची होते, दादा अठराचा. आईच्या मणक्याचं दुखणं बळावलं आणि ती बाहेरच्या खोलीत पलंगाला खिळली. बाबा कामावर. दादाचं कॉलेज, मैदान, मित्र आणि देव जाणे आणखी काय काय. घरी तो जेवायला आणि झोपायला यायचा. शाळेतून आल्यावर आईपाशी मी. तिची कूस बदलायची, पाणी द्यायचं, केस विंचरायचे. टीव्ही त्याच खोलीत होता आणि त्याला दादाचा व्हिडिओ गेम जोडलेला होता.

एका दुपारी आईच म्हणाली, "ते लाव बघू जरा. भिंत बघून बघून डोळे शिणले माझे."

मी लांबलचक गोष्टीचा एक गेम लावला. एक पोरगा घर सोडून निघतो, गावोगाव हिंडतो, वाटेत राक्षस मारतो, त्यातला. आईचे हात थरथरायचे, बटणं जमेनात. मग ठरलं, ती सांगणार आणि मी दाबणार. चार महिने आम्ही तो खेळलो. गावातल्या प्रत्येक माणसाशी बोलल्याशिवाय ती मला पुढे जाऊ द्यायची नाही. "अगं, त्या बाईला विचार तरी. एकटी उभी आहे बिचारी." औषधाच्या बाटल्या जपून वापरायला लावायची, भले पोरगा लढाईत मरायला टेकलेला असो. राक्षस मेला की "सुटला बाई" म्हणायची. त्या चार महिन्यांत ती जेवढी हसली तेवढी मी तिला त्याआधी कधी हसताना बघितली नव्हती. शेवटी आम्ही शेवटच्या दाराशी पोचलो. पलीकडे एकच लढाई उरली होती. आई म्हणाली, "इथेच ठेव. आत्ता नको." मी सेव्ह केलं. ती लढाई झालीच नाही. आई गेली.

महिन्याभराने मी शाळेतून घरी आले तर दादा आणि त्याचा मित्र टीव्हीसमोर बसलेले. त्या कॅसेटीत तीन कप्पे होते, तीन जणांचे तीन खेळ राहायचे. तिसरा कप्पा आमचा. त्यात आता दादाच्या मित्राचा नवाकोरा खेळ होता, पहिल्याच गावातला.

"माझा गेम कुठाय?"

दादाने एकदा माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. "गेला असेल," तो म्हणाला. "कॅसेटीतली बॅटरी गेली असेल."

मी विश्वास ठेवला. सहा वर्षं ठेवला. एकोणिसाव्या वर्षी मी एका दुरुस्तीवाल्याकडे काम शिकायला लागले आणि त्याने माझ्यासमोर पहिली कॅसेट उघडली. आत शर्टाच्या बटणाएवढी बॅटरी होती. ती मेली की काय होतं, ते त्याने समजावलं. तिन्ही कप्पे एकदम जातात. बॅटरी काही निवडून एकच कप्पा नेत नाही. एकच कप्पा माणूस पुसतो. त्याआधी यंत्र त्याला विचारतं, 'नक्की पुसू का?' आणि माणसाला 'हो' म्हणावं लागतं.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. गेम काही परत येणार नव्हता आणि आईही. मला दादाच्या तोंडून ऐकायचं होतं की मी पुसला, बॅटरीबिटरी काही नाही, मी. सरळ विचारायचं होतंस, असं तुम्ही म्हणाल. सरळ विचारलं की माणूस सरळ कानांवर हात ठेवतो. मला त्याला आधी तेच भोगायला लावायचं होतं, आणि मग पिळून काढायचं होतं.

सव्वीस वर्षं संधी आली नाही. भावाबहिणीचं आमचं तसं चांगलं चाललं होतं. तो लिफ्ट तपासणारा झाला. उंच इमारतींच्या लिफ्ट तपासायच्या, दोष लिहायचे, शिक्का मारायचा. माझं दुकान लागलं तेव्हा पाट्या त्यानेच ठोकल्या. मी त्याच्या लग्नात नाचले, त्याच्या पोरांचे लाड केले आणि आतल्या आत दात खात राहिले. दोन्ही गोष्टी एकदम करता येतात. मला विचारा.

मग या वर्षी, जन्मभर लिफ्ट तपासणारा माझा भाऊ जिन्यावरून पडला. मांडीचं हाड मोडलं, आत पट्टी बसवली, तीन महिने अंथरूण. आठव्या दिवशी वहिनी दुकानात हजर.

"वन्सं," ती म्हणाली. एरवी ती मला नावाने हाक मारते. वन्सं म्हणाली की समजायचं, काम आहे. "तुमच्या भावाने घर डोक्यावर घेतलंय. उशी टोचते, पंखा आवाज करतो, डाळ पातळ आहे. मी आज एक गोष्ट केलीये, तुम्हीच काय ते बघा." आणि तिने पिशवीतून एक यंत्र काढलं. नवंकोरं, निळं, खिशात मावणारं. "लहानपणी फार खेळायचे म्हणतात. त्यात त्यांच्या आवडीचे गेम भरून द्या. तुमच्यासारखं कुणाला जमणार?"

"खरंय," मी म्हटलं. "माझ्यासारखं कुणालाच जमणार नाही."

ती गेल्यावर मी ते यंत्र टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. शेजारच्या शिंप्याने विचारलं, "काय मॅडम, लॉटरी लागली का?" चेहऱ्यावर दिसत असणार.

मी 'नासके' उघडलं.

हिशेब साधा होता. मला एक उत्तम, मन लावून निवडलेला, देखणा संग्रह करायचा होता, ज्यातला एकही गेम पूर्ण होणार नाही. पण नुसता कचरा भरून भागणार नव्हतं. पाच मिनिटांत बंद पडणारा गेम माणूस सोडून देतो, त्याचं काय जातं? माणूस गुंतला पाहिजे. म्हणून पहिली अट, दहा तासांच्या आत काहीही बिघडता कामा नये. दुसरी, प्रत्येक गेम वेगळ्या तऱ्हेने दगा देणारा हवा, म्हणजे यंत्राचा संशय यायला नको. तिसरी, गेम त्याच्याच आवडीचे हवेत. ते मला कुणाला विचारायची गरज नव्हती. शर्यतीचे नकोत, कोड्यांचे नकोत. लांब वाटेचे हवेत, नकाशे असलेले, तलवार हळूहळू मोठी होत जाणारे. केसाने गळा कापायचा तर केसही चांगला निवडावा लागतो.

नऊ दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. सहाशेतून चाळीस निवडले आणि माझ्या जुन्या सेव्हवरून, अडायच्या जागेच्या जरा आधीपासून, चाळीसही पुन्हा तपासले. टिपणावर विसंबून कसं चालेल? एक तर चक्क सुधारलेला निघाला, कधीतरी मीच चांगली प्रत भरून चुकून नासक्यांत टाकली असणार. तो नीट संपला तेव्हा मला इतका राग आला की मी यंत्र आपटणार होते. एक पुलावर गोठायचा, एक राजाच्या तोंडचं अर्धं वाक्य झाल्यावर. एकात शेवटची किल्लीच मिळत नव्हती, माणूस महाल पालथा घालत बसला असता. या यंत्रांत कुठल्याही क्षणी खेळ जिथल्या तिथे साठवून ठेवायची सोय असते, ती मी काढूनच टाकली. गेम देईल तेवढंच सेव्ह, जुन्या काळासारखं.

आणि पहिल्या क्रमांकावर मी माझा लाडका ठेवला. काही जुने गेम बनवणारे फार पोचलेले होते. कुणी चोरून प्रत काढली तर ती ओळखायची युक्ती त्यांनी गेमच्या पोटात घालून ठेवली होती. चोरीची प्रत चालते, अगदी शेवटपर्यंत चालते, आणि ऐन शेवटच्या लढाईत गोठते. बंद करून पुन्हा चालू करावं तर सगळे सेव्ह साफ. सगळा खेळ मुळापासून गेलेला. बारा वर्षांत मी ही प्रत कुणालाही दिली नव्हती. दादासाठी दिली.

गंमत बघा, हात काही ऐकेनात. प्रत्येक गेमला मी नेहमीप्रमाणे सुरेख चित्र लावलं. प्रत्येकाखाली एक ओळ लिहिली: 'घाई करू नकोस, जंगलात उजवीकडे तळं आहे.' 'म्हातारीशी दोनदा बोल.' इतकं जीव ओतून मी कुणाचंच कार्ड भरलं नव्हतं. वहिनी न्यायला आली तेव्हा यादी बघून तिचे डोळे पाणावले. "किती प्रेम आहे हो तुमचं त्यांच्यावर," ती म्हणाली. मी यंत्र तिच्या पिशवीत घातलं.

मग मी वाट बघायला लागले.

पहिला फोन वहिनीचा. घर शांत झालंय, पंखा आवाज करेनासा झालाय, डाळ अचानक बरी लागायला लागलीये. पाय हलवायचे व्यायामही गेम खेळता खेळता करतात. मी म्हटलं, छान.

दुसरा फोन दादाचा, दोन आठवड्यांनी. "बुटके," तो म्हणाला. पंचेचाळीस वर्षांची झाले तरी मी त्याची बुटकीच. "तो किल्ल्यांचा गेम आहे ना, त्यात शेवटची किल्ली सापडत नाही गं. दोन दिवस शोधतोय."

"नीट शोध."

"आणि दुसरा पुलावर अडलाय."

"बॅटरी गेली असेल," मी म्हटलं.

"चार्ज केली की मी."

"मग बॅटरीच खराब असेल."

फोन ठेवला आणि मी हसले. एकटीच, मोठ्याने. किल्लीवाला डोकावून गेला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा दोनदा फोन आला आणि दोन्हीदा मी तेच सांगितलं. बॅटरी. त्याच्या काही लक्षात आलं नाही. मला थोडं वाईट वाटलं, म्हणजे लक्षात आलं नाही याचं. मग फोन बंदच झाले. दहा दिवस काही नाही. अकराव्या दिवशी वहिनी म्हणाली, "आज दुपारी येऊन जा. बोलावलंय. काल दिवसभर तोंडातून अक्षर काढलेलं नाही."

मला कळलं, तो पहिला क्रमांक संपवायला गेला असणार.

दादा पलंगावर पाठीला टेकून बसला होता. पाय दोन उशांवर, दाढी वाढलेली. मांडीवर निळं यंत्र, बंद. शेजारी त्याची कामावरची लांबट वही. इमारत, तारीख, दोष, कारण, असे रकाने छापलेली. वहिनी म्हणाली, बोला तुम्ही, मी चहा टाकते, आणि आत गेली. दादाने वही माझ्याकडे सरकवली. त्याने त्यात माझे गेम लिहिले होते.

"चौदा खेळलो," तो म्हणाला. "चौदाच्या चौदा शेवटी अडले."

"जुन्या गेमचं असंच असतं."

"थांब. मी जन्मभर बिघाड बघतोय. यंत्र बिघडलं की ते एकाच तऱ्हेने बिघडतं. दोर झिजला असेल तर रोज झिजलेलाच सापडतो. इथे चौदा बिघाड, चौदा तऱ्हेचे. एक पुलावर, एक राजासमोर, एक सेव्ह करताना. ते एक वेळ मी सोडून दिलं असतं. पण हा रकाना बघ. किती तासांनी अडला. दहाच्या आत एकही नाही." त्याने वही मिटली. "लिफ्ट दहाव्या मजल्याच्या वर गेल्यावरच बंद पडते, असं मला कुणी सांगितलं तर मी आधी तिथला माणूस शोधेन. हे कुणीतरी निवडलंय, बुटके. आणि असं निवडता येणारी बाई मला एकच माहीत आहे."

खरं सांगते, माझी छाती फुगली. बारा वर्षांत माझ्या कामाची इतकी नेमकी पारख कुणी केली नव्हती.

"आणि तो पहिला," तो म्हणाला. "त्यात आपल्या माणसांना नावं देता येतात. मी घरातल्यांची दिली होती. पोरांची, हिची. एकाचं तुझंसुद्धा. तेवीस तास खेळलो. आणि शेवटी सगळं पुसून टाकलं त्याने. सगळं. चालू करतोय तर रिकामं."

"वाईट वाटलं?"

"मूर्खासारखं वाटलं. एवढा घोडा झालोय आणि गेमपायी भिंतीकडे तोंड करून पडलो. हसू नकोस."

"मी कुठे हसतेय?" मी म्हटलं. "बॅटरी गेली असेल."

या वेळी त्याला ऐकू आलं. म्हणजे फोनवरही आलं होतं, पण आत्ता पोचलं. आत कपबशा वाजत होत्या.

"ती कॅसेट," तो म्हणाला. "तिसरा कप्पा."

"हो."

"मी पुसला होता."

झालं. एवढंच. सव्वीस वर्षं मी ज्याच्या मागे हात धुऊन लागले होते, ते तीन शब्दांत समोर येऊन पडलं. दाढेत अडकलेलं काहीतरी निघावं आणि बघावं तर तिळाएवढं, तसं झालं मला. राग शमायच्या ऐवजी आणखीच भडकला.

"मग बॅटरी का म्हणालास?"

"तू दारात आलीस. खांद्यावर दप्तर. तुझा चेहरा बघितला आणि तोंडातून भलतंच निघून गेलं. एकदा निघाल्यावर परत कसं घेणार?"

"आणि पुसलास कशाला?"

"मला काय माहीत तो तुझा आहे?" दादा म्हणाला. "त्यावर माझं नाव होतं."

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. तुम्हालाही आत्तापर्यंत सांगितली नाही. गेममधल्या त्या पोराला दादाचं नाव दिलेलं होतं. घरातलं, लाडाचं नाव, चार अक्षरांत मावणारं.

"मला वाटलं माझाच कुठलातरी जुना, अर्धवट टाकलेला," तो म्हणत होता. "मित्राला जागा हवी होती. मी हो दाबलं. मग तू रडायला लागलीस, तेव्हा मी चक्रावलो. तुझ्या गेमला तू माझं नाव कशाला देशील?"

"मी नाही दिलं. आईने दिलं."

"आईने?" त्याच्या कपाळावर आठी पडली. "आईचा काय संबंध? आई खेळायची?"

बघा, म्हणजे हेही त्याला ठाऊक नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"चार महिने. रोज दुपारी. ती सांगायची आणि मी दाबायची."

"मला कुणी बोललं नाही."

"तू होतास कुठे, तुला बोलायला?"

त्याने ते यंत्र हातात उलटंसुलटं केलं. मग म्हणाला, "पण माझं नाव का?"

उत्तर मला तोंडपाठ होतं. कारण तेव्हा मीच आईला विचारलं होतं, गाल फुगवून. सगळं मी करायचं आणि नाव त्याचं? आई जे म्हणाली ते मी दादाला शब्दन्शब्द सांगितलं. सावकाश सांगितलं. लागावं म्हणूनच सांगितलं.

"आई म्हणाली, तुझं कशाला घालू? तू आहेस की माझ्याजवळ. तो दिवसदिवस दिसत नाही. इथे तरी दिसेल."

लागलं. पन्नाशीचा, दाढी वाढलेला, पाय उशांवर ठेवलेला माझा भाऊ आधी नुसता बघत राहिला, मग त्याची हनुवटी हलायला लागली. त्याने ती हाताने धरली, तरी हलायची थांबेना. हा क्षण मी किती वर्षं मनात घोळवला होता. गिऱ्हाइकांची यंत्रं उघडताना, जेवताना, त्याच्या लग्नात नाचताना. मनात मी नेहमी त्याच्याकडे रोखून बघत असे. आता तो समोर होता आणि मला त्याच्याकडे बघवेना. आईच्या त्या उत्तराने मलाही काय केलं होतं, तेही तेव्हाच उमगलं. तेराव्या वर्षी मला तिच्यावर चिडायचं होतं. ती गेली आणि चिडायला दादा हाताशी उरला.

"बुटके," तो म्हणाला. "मी कुठपर्यंत गेलो होतो?"

मला आधी कळेना. मग कळलं, तो त्या पोराबद्दल विचारत होता, गाव सोडून निघालेल्या.

तर ऐका. शेवटच्या दाराशी आई नुसतं "इथेच ठेव" म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, "ही शेवटची लढाई त्याला करू दे. येईल एखाद दिवशी लवकर." पंधरा दिवस आम्ही थांबलो. रोज दुपारी यंत्र लावायचं, ते दार बघायचं, जिन्यावर पावलं वाजतात का ऐकायचं आणि बंद करायचं. सोळाव्या दिवशी ती गेली. ते पंधरा दिवस मी दादासाठीच राखून ठेवले होते. चाळीस गेम ही नुसती सुरुवात होती, खरा घाव हा होता. त्याने स्वतःहून मान पुढे केली होती आणि मला फक्त बोलायचं होतं.

मी तोंड उघडलं. त्याचा चेहरा बघितला.

"फार नाही," मी म्हणाले. "दुसऱ्या गावापर्यंत. आम्हाला कुठे काय येत होतं?"

दादाने बाहीने डोळे पुसले आणि मान हलवली.

"दुसरं म्हणजे नदीकाठचं ना?" त्याने विचारलं. "होड्या बांधलेल्या असतात ते?"

"हो," मी म्हणाले. "तेच. नदीकाठचं."